मालमोटारीचे मूळ रूप कोणते?

जुन्या वस्तूंविषयी आपल्या समाजात आस्था नाही, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. माळ्यावर पडलेल्या समया दिवाणखान्यात आल्या, तांब्याची घंगाळे घासूनपुसून दर्शनी मांडली गेली, आणि जुन्या मोटारगाड्यांच्या मिरवणुका पाहावयास शहरोशहरी गर्दी लोटू लागली. हे सर्व चांगलेच झाले. परंतु या नव्या आस्थेतही एक पंक्तिभेद आहे. एखाद्या संस्थानिकाची रोल्स-रॉइस किंवा एखाद्या डॉक्टरांची मॉरिस मायनर दिसली की माणसे थांबतात, कौतुक करतात. तितक्याच वयाची बेडफर्ड लॉरी गिरणीच्या मागे गवतात रुतलेली असली, तर तिच्याकडे पाहिले जाते ते केवळ भंगाराचा भाव काढण्यासाठी. पहिलीने मालकाला समारंभास नेले, दुसरीने साऱ्या गावाला तांदूळ, कौले, मीठ आणि जत्रेची माणसे आणून दिली. तरीही मान पहिलीला!

या पंक्तिभेदाची दोन कारणे आम्हांस दिसतात. मालमोटार ओळखावी कशी आणि तिचे गुण कोणत्या नजरेने पाहावे, हे आपणांस कोणी शिकविलेले नाही, हे पहिले कारण. दुसरे असे की, जो मापदंड खाजगी मोटारीस योग्य तोच मालमोटारीस लावला जातो, आणि त्या मापाने ती नेहमीच उणी ठरते. 'मूळ स्वरूप जसेच्या तसे राखले आहे काय?' हा तो मापदंड. मालमोटारीच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा आहे, असे आम्हांस सांगावयाचे आहे.

आमचा व्यवसाय वकिलीचा, तेव्हा आरंभ कायद्यापासून करणे वाचक क्षम्य मानतील. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नासांहून अधिक वर्षे झालेले, खाजगी वापरातले, दुचाकी अथवा प्रवासी चारचाकी वाहन तेवढे या व्याख्येत येते. नियमांच्या परिभाषेत 'एल-१', 'एल-२' आणि 'एम-१' हे वर्ग. शिवाय ते मूळ स्वरूपात राखलेले असावे, आणि चॅसी, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अशा वाहनास 'व्हीए' ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे ठरविण्यात आली. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ते रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या कामास नाही.

व्याख्या नीटस आहे. पण तिच्यात मालमोटार कोठे? मालवाहू वाहने 'एन' वर्गात मोडतात आणि मोठ्या बसगाड्या 'एम-२', 'एम-३' या वर्गांत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मोटारगाडी म्हातारी होऊ शकते, स्कूटर म्हातारी होऊ शकते, परंतु मालमोटार म्हातारी होतच नाही. ती फक्त निकामी होते. उद्या वर्गाची ही भिंत पाडली, तरी 'मूळ स्वरूपा'ची दुसरी अट प्रामाणिकपणे राबलेल्या बहुतेक मालमोटारींना बाहेरच ठेवील. म्हणूनच 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांची उलटतपासणी घेणे अगत्याचे आहे.

ती घेण्यापूर्वी साक्षीदाराची ओळख पटविली पाहिजे. जुनी मालमोटार ओळखताना नवशिका प्रथम बिल्ला पाहतो, आणि तेथेच फसतो. डॉज, फार्गो आणि डी सोटो ही तीन नावे पाहून तीन कारखान्यांची कल्पना येते. वस्तुतः ही तिन्ही अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीची अपत्ये. एकच मालमोटार निरनिराळ्या विक्रेत्यांसाठी निरनिराळे नाव धारण करी. आपल्याकडे १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो या दोन्ही नावांच्या लॉऱ्या येथल्या रस्त्यांनी पाहिल्या. तेव्हा 'आमची फार्गो डॉजहून वरचढ' असा वाद कोणी घातला असेल, तर तो एकाच आईच्या दोन मुलांतला वाद समजावा.

बेडफर्डची कथाही अशीच. इंग्लंडमध्ये अमेरिकन जनरल मोटर्स कंपनी प्रथम शेव्हरोलेट लॉऱ्यांची जुळणी करी. १९३१ साली तिच्या व्हॉक्सहॉल या इंग्रज शाखेने बेडफर्ड हे नवे नाव धारण केले. त्या वर्षाची बेडफर्ड शेव्हरोलेटजवळ उभी केली तर नात्याविषयी शंका उरत नाही. बिल्ल्यावरचा गरुडमुखी सिंह मात्र अमेरिकेचा नव्हे. तो तेराव्या शतकातल्या एका सरदाराच्या ढालीवरून आला. त्याच्याच वाड्यावरून व्हॉक्सहॉल हे लंडनमधील स्थळाचे नाव पडले. अशोक लेलँडचा बिल्ला याच्या उलट चकवतो. 'अशोक' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सम्राट उभा राहतो; परंतु १९४८ साली अशोक मोटर्स स्थापन करणाऱ्या रघुनंदन सरन यांनी कंपनीला आपल्या मुलाचे नाव दिले होते. लेलँड हे तर इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यातील एक गाव.

बिल्ला काळ सांगण्यास मात्र फार उपयोगी पडतो. टेल्को कंपनी १९४५ सालची. जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी तिचा करार झाला आणि १९५४ साली जमशेदपूरहून पहिली टाटा मर्सिडीज-बेंझ मालमोटार निघाली. करार १९६९ मध्ये संपला. जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी 'टी' हे अक्षर आले. यंत्र तेच, घडण तीच, खूण बदलली. म्हणजे अंगी मूळचा तारा असलेली प्रत्येक टाटा मालमोटार आज पन्नाशी ओलांडून गेलेली आहे. वयाची अट ती केव्हाच पुरी करते; तिला अडविते ती जात.

आकड्यांतही अर्थ असतो. '१२१०' या टाटा गाडीच्या नावातले पहिले दोन आकडे मालासह सुमारे बारा टन वजन सांगतात आणि पुढचे दोन सुमारे शंभर अश्वशक्ती. खाणीवर मातीचे ढिगारे उलटणाऱ्या टिपरच्या नावात जे 'एलपीके' येते, त्यातला 'के' जर्मन 'किपर' या शब्दाचा. किपर म्हणजे कलती होऊन माल ओतणारी गाडी. जर्मन भागीदार जाऊन अर्धशतक लोटले, तरी त्यांच्या भाषेचे एक अक्षर डिचोली-सांग्याच्या लाल धुळीत फिरत राहिले.

युद्धातून आलेल्या गाड्यांची ओळख निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने टाकून दिलेल्या लॉऱ्या 'डिस्पोजल' म्हणून विकल्या गेल्या आणि पुष्कळांच्या वाहतुकीच्या धंद्याचे भांडवल त्याच झाल्या. त्यांत डाव्या हाताचे सुकाणू, लांब नाक आणि मागे दोन आसांवर दुहेरी चाके दिसली तर ती बहुधा अमेरिकन जीएमसी. उजव्या हाताचे सुकाणू, बसके नाक आणि खालच्या बाजूने आत कललेली काच दिसली तर कॅनडात ब्रिटिश फौजांसाठी फोर्ड आणि शेव्हरोलेट यांनी बनविलेली लॉरी समजावी. काच अशी कलती ठेवण्यात हेतू होता: वरून उडणाऱ्या शत्रूच्या विमानास तिची चकाकी दिसू नये. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ती काच कुरूप वाटते. ठाऊक झाल्यावर तीच बोलू लागते. रसग्रहण म्हणजे तरी दुसरे काय?

गोव्यातल्या वाचकांसाठी एक इशारा येथेच देणे बरे. भारतात शेव्हरोलेट अथवा फोर्ड लॉरी दिसली की जाणकार तिचे वय बहुधा १९५४ पूर्वीचे धरतात. कारण असे की, येथे केवळ जुळणी करणाऱ्या, उत्पादनाची योजना नसलेल्या कंपन्यांनी धंदा आवरावा, असे धोरण भारत सरकारने १९५३ साली ठरविले आणि जनरल मोटर्सने शिवडीचा १९२८ पासूनचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला. परंतु हे धोरण पोर्तुगीज हद्दीत लागू नव्हते. गोव्यात १९६१ पर्यंत परदेशी गाड्या येण्यास त्याची आडकाठी नव्हती. म्हणून बेळगावात खरा ठरणारा ठोकताळा फोंड्यात खोटा ठरू शकतो. सुकाणूच्या बाजूवरूनही घाईने निष्कर्ष काढू नये. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली, तरी गोव्यात वाहतूक शेजारच्या ब्रिटिश हद्दीप्रमाणे डावीकडूनच चालत राहिली.

ओळख पटली, आता सौंदर्याविषयी. मालमोटारीचे सौंदर्य पाहावयाचे ते प्रथम तिच्या नाकात. जुन्या चालीच्या गाडीत इंजिन पुढे, त्याच्यामागे चालक, त्याच्यामागे माल. १९३९ ची 'ओ' जातीची बेडफर्ड किंवा 'टीएमबी ३१२' ही टाटा मर्सिडीज पाहावी. तिच्या लांब, गोलसर नाकात शक्तीचा आणि शालीनतेचा मेळ दिसतो. चाकांवरच्या कमानी मोठ्या, दिवे त्यांच्या खांद्यावर बसलेले, आणि साऱ्या चेहऱ्यावर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा शांतपणा. पण रस्त्यावर लांबी मर्यादित असते. नाकाला दिलेला प्रत्येक हात मालाच्या जागेतून वजा होतो. म्हणून १९६० नंतरच्या दशकात टाटांची '१२१०' आली ती आखूड नाकाची, निम्मे इंजिन चालकाच्या कोठडीत घेतलेली. पुढे नाक नाहीसेच झाले आणि सपाट चेहऱ्याच्या गाड्या आल्या. मालमोटारीचा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा तर माल वाढत गेला आणि नाक आखडत गेले.

यांत सर्वांत देखणी कोणती, असे कोणी विचारील. लांब नाकाची गाडी डोळ्यास सुखावते हे खरे. परंतु आमचे मत आखूड नाकाच्या '१२१०' कडे झुकते. तिच्या रूपात तडजोड दिसते, आणि ती तडजोड लपविलेली नाही. इंजिनची धग आणि घरघर चालकाच्या मांडीशी आली, दुरुस्तीस हात घालणे अडचणीचे झाले, आणि मोबदल्यात मागे आणखी काही पोती मावली. हा हिशेब चेहऱ्यावर स्पष्ट मांडणारी वस्तू ढोंगी नसते. उपयुक्त वस्तूच्या सौंदर्यात या प्रामाणिकपणाला आम्ही पहिले स्थान देतो.

आता 'मूळ स्वरूपा'कडे परत येऊ. खाजगी मोटार कारखान्यातून पूर्ण होऊन निघते; तिला मूळ स्वरूप आहे. मालमोटारीचे तसे नाही. आपल्याकडे कारखाना विकत असे ती चॅसी: चौकट, चाके, इंजिन, आणि फार तर पुढचा दर्शनी पत्रा. वरची कोठडी आणि मागचा हौदा बांधीत ते गावोगावचे सुतार आणि लोहार, आपापल्या भागातील लाकडाने आणि आपापल्या चालीने. त्याच चॅसीवर कोणी बाकडी घालून उतारूंची गाडी करी. गोव्यात जुनी माणसे जिला 'कामियांव' म्हणत, ती अशाच लाकडी बांधणीची. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्या आरंभीच्या काळात सेवेच्या ताफ्यात शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या, बांधणी लाकडी आणि बैठका काथ्याच्या. पुढे मॉरिस कमर्शियलच्या चॅसीवर 'नीलकमल' आणि 'गिरिआरोहिणी' या दोन आरामगाड्या बांधून पुणे–महाबळेश्वर मार्गावर सोडण्यात आल्या. त्यांत पडदे होते, घड्याळ होते, हिरवट काचा होत्या. या 'नीलकमल'चे मूळ स्वरूप कोणते? इंग्लंडहून आलेली उघडी चॅसी, की तिच्यावर येथील हातांनी चढविलेला साज? चॅसीस मूळ म्हणावे तर जिच्यामुळे ती 'नीलकमल' झाली तेच वगळावे लागते.

इंजिनाचेही तेच. कित्येक अमेरिकन लॉऱ्या पेट्रोलवर चालत. पेट्रोल परवडेना, तेव्हा मालकांनी त्यांत डिझेलचे इंजिन बसविले. मद्रासच्या सिंप्सन कंपनीने पर्किन्सच्या परवान्याने बनविलेले इंजिन यासाठी प्रसिद्ध होते. नियमाच्या भाषेत हा मोठा फेरबदल. अशी गाडी अपात्र. इतिहासाच्या भाषेत हाच तिच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग, कारण या बदलानेच ती जगली. तो पुसून पुन्हा पेट्रोलचे इंजिन शोधून बसविणे म्हणजे वृद्धाच्या चरित्रातून त्याची कर्तबगारीची वर्षे कापून काढणे होय.

देवस्थानांशी निगडित असलेल्या आमच्या वाचकांस ही गोष्ट पटविण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास गेले, केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. जागा बदलली, भिंती बदलल्या, पुढे शिखरे आणि मंडप कितीदा तरी नव्याने उभे राहिले. म्हणून हे देवस्थान मूळचे नव्हे, असे कोणी म्हणत नाही. रथाचे मोडलेले चाक नवे घातले म्हणून रथ दुसरा होत नाही. आपल्याकडे या कर्मास जीर्णोद्धार हा शब्द आहे, आणि त्या शब्दात मोडतोडीची लाज नाही. सेवा अखंड राहिल्याचा अभिमान आहे. देवाची आणि मालमोटारीची तुलना आम्ही करीत नाही. टिकून राहण्याचा अर्थ आपल्या परंपरेने कसा लावला, एवढेच दाखवीत आहो. न बदलणे म्हणजेच टिकणे, ही कल्पना काचेच्या कपाटातल्या वस्तूंची आहे. राबत्या वस्तूचे टिकणे दुरुस्तीतून होते.

या न्यायाने आणखी एका प्रवृत्तीवर टीका करणे आम्हांस भाग आहे. अलीकडे काही हौशी मंडळी जुनी लॉरी मिळवितात आणि तिला अशी चकचकीत करतात की कारखान्यातूनही ती तशी कधी निघाली नसेल. हौद्याच्या झिजलेल्या फळ्या फेकल्या जातात, पाठीवर रंगविलेले मालकाचे आणि कुलदेवतेचे नाव खरवडले जाते, जोडकामाच्या खुणा लांबीने बुजविल्या जातात. हेतू चांगला असतो, श्रमही थोर असतात. परंतु फळ असे की, गाडी वाचते आणि तिची साक्ष नष्ट होते. आमच्या मते परीक्षकांनी अशा लॉरीस कमी गुण द्यावेत, आणि जिच्या प्रत्येक ठिगळाचा वृत्तान्त मालकास सांगता येतो तिला अधिक.

यावर आक्षेप येतील. जुन्या मालमोटारी धूर ओकतात, त्यांचे ब्रेक भरवशाचे नसतात, आणि 'व्हिंटेज' नावाखाली कोणी त्यांतून चोरटी वाहतूक करील. हे आक्षेप पोकळ नव्हेत. ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण सुरू झाले, आणि पंधरा वर्षांपुढील सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आणण्याचा नियम झाला. त्यामागे स्वच्छ हवेची रास्त चिंता आहे. रोज माल वाहणाऱ्या जुन्या ट्रकांचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु वर्षातून दोनदा रिकाम्या हौद्याने फेरीस निघणारी पन्नास वर्षांची लॉरी हवा किती बिघडविणार? चोरट्या वाहतुकीस आळा घालण्यास 'भाड्याने माल नेण्यास मनाई' हे कलम पुरे आहे. खाजगी व्हिंटेज गाडीवर तसे बंधन आजही आहेच.

इंग्लंडमध्ये जुन्या व्यापारी वाहनांसाठी १९५८ साली स्वतंत्र संस्था निघाली. १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी त्यांची फेरी निघू लागली. १९८३ मध्ये लेलँड गावातच त्यांचे संग्रहालय उघडले. आपल्याकडेही हरियाणातील तावडू येथे २०१३ मध्ये वाहतुकीच्या इतिहासाला वाहिलेले संग्रहालय सुरू झाले. पण एका संग्रहालयात देशभराच्या सुतारांची कला कशी मावणार? म्हणून नियमाची दुरुस्ती हवी, आणि आमच्या मते ती दोन ओळींत होण्यासारखी आहे. व्याख्येत मालवाहू वाहने आणि बसगाड्या यांचे वर्ग घालावेत, धंद्यास मनाई कायम ठेवून. आणि या वर्गांपुरती 'मूळ स्वरूपा'ची अट चॅसीला लावावी. बाह्यांग आणि इंजिन यांतील बदल जुने असतील व कागदपत्रांनी सिद्ध होत असतील, तर ते दोष न मानता इतिहास मानावा.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्यांच्या आवारात, गिरणीत वा देवस्थानाच्या मागल्या वाडीत अशी एखादी लॉरी उभी असेल, त्यांनी भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी चार कामे करावीत. चॅसीवर ठोकलेला क्रमांक आणि बनावटीची पट्टी उतरवून घ्यावी. नोंदणीपुस्तक जपून ठेवावे, कारण इंजिन केव्हा बदलले हे बहुधा त्यातच सापडते. चारही बाजूंनी आणि कोठडीच्या आतूनही छायाचित्रे काढावीत. आणि हौदा कोणी बांधला, हे घरातल्या वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. ही माहिती कोणत्याही कारखान्याच्या दप्तरात नाही. ती आहे फक्त माणसांच्या आठवणीत, आणि ती माणसे लॉरीपेक्षाही वयाने मोठी आहेत.